पाठीमागचे हात

ढब्बूनं दोन्ही हात वर केले… आणि आत्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

घरात त्या वेळी आनंदाला नुसतं उधाण आलं होतं. वर्षाअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या, समोरच्या रस्त्यावर दुकानदारांनी झाडांच्या बुंध्यांना दिवे गुंडाळले होते, आणि ढब्बूचा बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, स्टुलावर चढून खिडकीच्या चौकटीला दिव्यांची माळ लावत होता. माळ पेटायची, लगेच विझायची, धाकटा ती विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आणि अजून वर्षाचाही न झालेला तो ढब्बू, दर विझण्यासरशी, हे आपल्याच फुंकरीनं होतंय अशा थाटात तोंडाचा चंबू करून पुन्हा फूं फूं करायचा. धाकट्याची बायको हसून हसून भिंतीला टेकली होती. त्या हसण्याच्या भरात पोरगं रांगत निघालं ते थेट शिवणाच्या मशीनपाशी बसलेल्या आत्याकडे. तिच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं, लटपटलं, सावरलं, आणि हात वर करून बघू लागलं. उचल ना!

आत्यानं पाठीमागे एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं. तोंडानं म्हणाली, "अरे वा, उभा राहिलास की रे सोन्या…" पण हात काही पुढे आले नाहीत.

हसणं जागच्या जागी थांबलं. भावजय उठली, तिनं मुलाला उचललं आणि खिडकीशी नेलं. धाकट्यानं माळेकडे तोंड करून उगाच एक दिवा पिळला. आणि ते लेकरू आईच्या खांद्यावरून मान वळवून वळवून मागे बघत राहिलं… त्याला काय ठाऊक, की मोठी माणसं एकमेकांना शिक्षा करतात तेव्हा काठी लहानांच्या पाठीत बसते.

घरात भांडण झालं तर ते मिटतं. पण घरात सभ्यपणा शिरला की संपलंच. या घरात तो शिरला होता. 'ताई, जेवून घ्या.' 'ताई, गरम पाणी ठेवलंय.' सगळं अगदी नीट, अगदी मोजून. फक्त ढब्बूला हात लावायचा नाही.

आत्या म्हणजे धाकट्याची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. तिनं कपड्यांच्या दुकानात उसवणं-शिवणं करून त्याला वाढवलं, त्या नादात लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिलाही कळलं नाही. लोकांनी तिला देवी करून टाकलं. लोकांना त्यागी बाई फार आवडते. तिच्यासाठी काही करावं लागत नाही, नुसतं वाखाणलं की भागतं. ढब्बू झाला तेव्हा तिनं दुकान सोडलं, मशीन पुढच्या खोलीत आणलं, घरबसल्या कामं घेऊ लागली. कारण भावजयीला बेकरीत परत जायचं होतं.

भावजय केकवर फुलं काढायची. साखरेच्या पाकळ्या अशा उठवायची की माणसाला सुरी लावायला जीव होऊ नये. पहाटे अंधारातच जायची, दुपारी परतायची. बोटांच्या पेरांत रंगीत साखर वाळलेली, अंगाला लोणी आणि व्हॅनिलाचा वास. बाळंतपणानंतर ही हसरी पोरगी एकदम मिटून गेली होती. एके दिवशी बेसिनपाशी दुधाची बाटली धुता धुता, नळाला पाणी येत नाही असं सांगावं तशा कोरड्या आवाजात ती म्हणाली होती, "ताई, मला आई होता येत नाहीये. सगळ्यांना येतं. मला नाही येत." रडली असती तर परवडलं असतं. ती रडलीही नव्हती. बाटली धुऊन झाली तरी ती तशीच उभी, पाणी तसंच वाहतंय… पुढे बेकरीनं तिला पुन्हा माणसांत आणलं. कामावर गेली, पहिल्या दिवशी पांढऱ्या केकवर जांभळी फुलं काढून आली, आणि जेवताना घास हातात धरून त्या फुलांबद्दल बोलतच राहिली. आत्यानं त्या दिवशी तोंड फिरवून डोळे पुसले होते.

धाकट्याला मात्र हे काम मनातून नको होतं. माणूस वाईट नव्हता. दिवसभर गाडीतून लोकांच्या घरी पार्सलं पोचवायचा आणि स्वतःच्या घरी काळजी घेऊन यायचा. हसत हसत म्हणायचा, "ढब्बूला साधा ओरखडा उठू दे, त्या दिवसापासून तुझी बेकरी बंद. सांगून ठेवतो." पुरुषांच्या असल्या थट्टेला खाली दगड असतो, बायकांना तो बरोबर लागतो.

आणि मग ती दुपार आली.

आत्या पुढच्या खोलीत एका कोटाचं अस्तर शिवत होती. भावजय कामावरून आली, दूध पाजता पाजता तिला झोप लागली. आतून धप् असा आवाज आला. आत्या धावली. मूल पडलं की रडण्याआधी एक क्षण असतो, ज्यांनी मुलं सांभाळली त्यांना तो ठाऊक आहे; तोंड उघडतं, चेहरा लाल होतो, श्वास आत आत ओढला जातो आणि आवाज फुटतच नाही. त्या एका श्वासात आत्यानं सगळं पाहिलं. पलंगावर कुशीवर झोपलेली भावजय, हात अजून वळलेला, जणू त्यात मूल आहेच… पायथ्याकडे ओढली गेलेली चादर… आणि खाली फरशीवर ढब्बू. त्याच श्वासात तिला बेसिनपाशी वाहणारं ते पाणी आठवलं. ही जागी होईल. आपल्या कुशीतून लेकरू पडलं हे हिला कळेल. मग बेकरीही जाईल, आणि ही पोरगीही जाईल! तिनं मुलाला उचललं, छातीशी दाबलं आणि स्वयंपाकघर गाठलं. किंकाळी फुटली ती तिथं.

भावजय धडपडत आली तेव्हा पोराच्या कपाळावर टेंगूळ चढत होतं आणि आत्या थंड पाण्यात भिजवायला रुमाल शोधत होती.

"हातातून निसटला गं," आत्या म्हणाली. "तू झोपली होतीस म्हणून मी उचलून आणला, आणि…"

डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. टेंगूळ उतरलं. विश्वास उतरला तो उतरलाच. दवाखान्यातून घरी आल्यावर भावजय दारातच थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, यापुढे तुम्ही त्याला हात लावू नका." आत्या म्हणाली, "नाही लावणार." बस्स, एवढंच. धाकटा म्हणाला, "ताई, डोळे तपासून घे एकदा." सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हापासून सकाळी पोराला सांभाळायला शेजारच्या काकू यायला लागल्या. काकू म्हणजे टीव्हीसमोर बसून टीव्हीपेक्षा जास्त बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुझा काही दोष नाही गं बाई. पोटचं नसलं की हात थोडा सैलच राहतो." आत्यानं मशीनचं पायडल जोरात दाबलं. काही वाक्यांवर मशीनचा आवाज हेच उत्तर.

काकू टीव्हीत गुंगल्या की आत्याची शाळा भरे. हात लावायचा नाही ना? तोंडानं शिकवायला कोणी मना केलं नव्हतं. पुढच्या खोलीत सोफा होता. ढब्बू सोफ्यावर चढायचा आणि काठाशी येऊन डोकं पुढे काढायचा. आत्याचा जीव टांगणीला. मग ती स्वतः, गुडघे कुरकुरत असताना, सोफ्यावर चढायची, पोटावर पालथी व्हायची, आणि पाय खाली सोडत सरकत उतरायची. "पाय आधी, राजा. बघ, पाय आधी. डोकं मागून." पुन्हा चढायची, पुन्हा उतरायची. ढब्बू टाळ्या पिटायचा. काकूंनी एकदा मान वळवून पाहिलं, तर ही पोक्त बाई सोफ्याच्या काठावर पालीसारखी लोंबकळतेय. काकू हबकल्या; संध्याकाळी धाकट्याला दारात गाठून कुजबुजल्या की तुझ्या बहिणीला मनाचा धक्का बसलाय, जरा लक्ष दे. धाकट्यानं दिलं नाही. आणि एका सकाळी पोरगं काठाशी आलं, थांबलं, विचारवंतासारखं खाली पाहिलं, गर्रकन वळलं, आणि ढुंगण पुढे करून सरसर उतरलं. आत्याचे हात पाठीमागे एकमेकांत इतके आवळले गेले की नखं रुतली… त्या मुलाचा मुका घ्यावा म्हणून तिचं अंतःकरण तडफडत होतं. ती फक्त म्हणाली, "शाब्बास रे ढब्बू."

दुपारची गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती.

दुपारी काकू जायच्या, भावजय पोराला घेऊन आडवी व्हायची, दोघं मशीनच्या घरघरीवर झोपी जायची. मग आत्या मशीन थांबवायची. शिवणातून उरलेली कातरणं तिनं जुन्या अभ्र्यांत ठासून त्यांच्या जाड गाद्या केल्या होत्या. त्या ती पावलांचा आवाज न करता आणायची, पलंगाच्या बाजूला आणि पायथ्याशी फरशीवर मांडायची, आणि स्वतः भिंतीला टेकून समोर बसायची. काम मागे पडायचं. ते ती रोज पहाटे उठून पुरं करायची. भावजयीनं कूस बदलली की आत्या उठायची, गाद्या गोळा करायची, आणि भावजय डोळे चोळत बाहेर येईपर्यंत मशीन पुन्हा घरघरत असायचं.

सुट्ट्या जवळ येत गेल्या तसं घर बहरत गेलं. धाकटा रोज रिकामे खोके आणायचा, कारण विकत आणलेल्या खेळण्याला बाजूला सारून ढब्बू खोक्यात जाऊन बसायचा आणि साहेबासारखा 'दे' म्हणून हुकूम सोडायचा. त्याला तीन शब्द येत होते. 'दे', 'नाय', आणि माळ पेटली की 'आग्गा'. आई कामावरून आली की तो तिची बोटं चाटायचा. गुलाबी साखर असली की जीभ गुलाबी, हिरवी असली की हिरवी. भावजयीला कामानं मान वर करायला फुरसत नव्हती, सुट्ट्यांत साऱ्या गावाला केक हवे होते. पण त्या चाटण्यानं तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघून आत्याला वाटायचं, आपण केलं ते बरोबर केलं. हजारदा विचारलं तरी बरोबर केलं.

थंडी वाढली. ढब्बूचा पहिला वाढदिवस ऐन सुट्ट्यांत येत होता. आत्याकडे एका गिऱ्हाइकानं नको म्हणून सोडलेलं गडद निळं लोकरी कापड होतं. कोट शिवायचा, तिनं ठरवलं. पण माप? हात न लावता माप कसं घ्यायचं? पलंगावर पट्ट्यापट्ट्यांची चादर होती. पोर झोपलं की आत्या जमिनीवर बसल्या बसल्या बघून ठेवायची. मान या पट्टीवर, खांदा इथून इथवर, मनगट त्या पट्टीपाशी. मग रिकाम्या चादरीवर टेप लावायची. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तिनं कोट घडी करून भावजयीच्या हातात दिला, थंडी वाढली म्हणून वाढदिवसाआधीच.

भावजयीनं तो पोराला चढवला. बाही मनगटावर, कॉलर मानेवर, बटण बरोबर पोटावर… जणू त्याच्या अंगावरच कापड विणलंय. ढब्बू आरशात बघून स्वतःवर खूश झाला. धाकटा म्हणाला, "काय दिसतोय, बँकेचा मॅनेजर!" भावजयही हसली. खूप दिवसांनी आत्याकडे बघून हसली. आणि त्या हसण्यातच तिनं विचारलं, "ताई, माप कसं घेतलंत?"

इतक्या दिवसांनी ते हसू पाहून आत्या विरघळली, आणि सावधपणा विसरली. "चादरीच्या पट्ट्यांवरून," ती म्हणाली. "तो झोपलेला असताना बघून ठेवलं."

भावजयीचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हणजे मी झोपले की तुम्ही आत येता?"

आत्या काय सांगणार? का येते, हे सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल.

"मी एक गोष्ट मागितली होती तुमच्याकडे, ताई. एकच." भावजयीनं कोटाचं बटण सोडलं. "आणि तुम्ही माझ्या पाठीमागे…"

"मी हात नाही लावला त्याला," आत्या म्हणाली. "शपथ."

"रोज येता?"

आत्यानं मान खाली घातली. त्या संध्याकाळी आतल्या खोलीतून नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं. भिंती पातळ, आणि दुखावलेल्या माणसाला आवाज उतरवायचं भान नसतं. भावजय म्हणत होती, सुट्ट्या संपल्या की बेकरीजवळ वेगळी खोली बघू या. मला या घरात झोप लागणार नाही आता. धाकटा काहीतरी पुटपुटला. बहिणीच्या बाजूनं नव्हे, बायकोच्याही नव्हे; पुरुष अशा वेळी पुटपुटतात. मग तो म्हणाला, बरं, बघू.

आत्या काळोखात मशीनवर हात ठेवून बसून राहिली. एक वाक्य. एकच वाक्य बोललं की सगळं थांबेल. 'तो माझ्या हातून पडला नव्हता, बाई, तुझ्या.' जीभ टाळ्यापर्यंत आली आणि तिथंच राहिली. ते वाक्य बोलून लेकरू मिळालं असतं, पण लेकराची आई गेली असती. नको… जाऊ देत त्यांना. आपल्या आयुष्यात आधीही रिकाम्या खोल्या होत्या. त्यात काय एवढं. असं म्हणत ती मूक रडली, आणि रडता रडता तिनं, खुर्चीवर काढून ठेवलेल्या कोटाच्या अस्तरात, काळोखातच चाचपत उरलेलं एक बटण टाचून ठेवलं, पुढे कधी तुटलं तर असावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण केकना सुट्टी नसते. भावजय दुपारी आली, ताटावरून लवकर उठली, पोराला घेऊन आत गेली. दार तिनं अर्धवट लोटलं, लावलं नाही. आत्या मशीन चालवत राहिली. आत जाऊ नको, तिनं स्वतःला बजावलं. आजच्या दिवस तरी नको. पण आत झोपलेली ती पोरगी पहाटेपासून उभी होती, तिचे डोळे मिटल्यावर तोफा डागल्या तरी उघडत नाहीत, हे आत्याला पुरेपूर ठाऊक होतं… आणि फरशी उघडी होती. अपमान आपला, डोकं लेकराचं! ती उठली.

मशीन थांबलं. तिनं गाद्या उचलल्या, आत गेली, बाजूला मांडल्या, पायथ्याशी मांडल्या, कडेला कड दाबली. भिंतीशी बसली. हात सवयीनं पाठीमागे गेले.

मशीन थांबल्यानं म्हणा की आणखी कशानं, ढब्बू जागा झाला. आईच्या पायांवरून रांगत पायथ्याशी आला. काठाशी थांबला. आत्याला पाहून त्याचा चेहरा उजळला. वरचे दोन दात दिसले. आत्यानं ओठ हलवले, आवाज न करता. पाय आधी. पोरगं वळलं. पोटावर पालथं झालं. एक पाय खाली सोडला, हवेत चाचपडला, दुसरा सोडला, सरकलं… आणि गादीवर उतरून पलंगाला धरून उभं राहिलं. मग त्यानं पलंग सोडला.

आत्या भिंतीपासून पुढे झुकली.

कशालाही न धरता ढब्बूनं एक पाऊल टाकलं. गादी मऊ, पाय डगमगला. दुसरं टाकलं. 'आग्गा' म्हणाला, आणि पुढची दोन-तीन पावलं चालण्याची होती की पडण्याची ते देव जाणे. तो सरळ आत्याच्या अंगावर येऊन कोसळला, आणि त्यानं दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारली! ओला गाल तिच्या गालाला. दुधाचा वास, झोपेचा वास. आत्याचे डोळे भरून वाहू लागले. पण हात… हात पाठीमागेच होते. मनगट सोडलं नव्हतं. शब्द दिला होता.

"ताई."

आत्यानं वर पाहिलं. भावजय पलंगावर उठून बसली होती. तिच्या डोळ्यांत झोपेचा लवलेश नव्हता. ती झोपलीच नव्हती. चोर पकडायला म्हणून डोळे मिटून पडली होती.

"मी लावला नाही हात," आत्या घाईघाईनं म्हणाली. "तोच आला. बघ, हात मागे आहेत माझे."

भावजय तिच्याकडे पाहत नव्हती. ती गाद्यांकडे पाहत होती. बाजूच्या, पायथ्याच्या. मग हळूच म्हणाली, "तो स्वयंपाकघरात पडला होता ना तुमच्या हातून?"

"हो."

"मग गाद्या माझ्या पलंगाशी का, ताई?"

एका श्वासात एक खोटं बोललेल्या त्या बाईला दुसरं खोटं सुचेना. "थंडी आहे," ती म्हणाली. "फरशी गार लागते…"

भावजयीच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला. तिनं आपल्या वळलेल्या हाताकडे पाहिलं, त्या हाताच्या रिकाम्या वळणाकडे. "माझ्या कुशीतून पडला तो," ती म्हणाली. "मी झोपले होते. माझ्या कुशीतून…"

"झोप लागते गं माणसाला. पहाटेपासून उभी असतेस तू."

"आणि तुम्ही स्वतःवर घेतलंत. माझं ऐकून घेतलंत. काकूंचं ऐकून घेतलंत. का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा त्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली असतीस."

ढब्बू आत्याच्या केसांतला चाप ओढत होता. भावजय पलंगावरून उतरली, गादीवरच गुडघ्यांवर बसली, आणि इतक्या महिन्यांत न रडलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून एकदम बाहेर पडलं. "मी काय काय बोलले तुम्हाला… त्याला हात लावू नका म्हटलं. तुम्हाला! मला खरंच आई होता येत नाही, ताई."

आत्यानं मान हलवली. गळ्यात लोंबणाऱ्या पोरासकट ती पुढे झुकली.

"लेकरासाठी तू माझ्यासारख्या थोरल्या नणंदेला तोंडावर सुनावलंस," ती म्हणाली. "जिला आई होता येत नाही ती असं करत नसते. येतं की गं तुला. चांगलंच येतं. मला तर त्या दिवशीच कळलं. म्हणून तर एवढं लागलं नाही."

भावजयीनं तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "हात पुढे घ्या, ताई."

आत्यानं प्रयत्न केला. हात येईनात. बोटं मनगटाभोवती अशी आवळली होती की जणू ती तिची नव्हतीच. तेव्हा भावजय रांगत तिच्या पाठीमागे गेली, आणि साखर वाळलेल्या आपल्या बोटांनी तिचं एकेक बोट सोडवू लागली. मनगटावर नखांचे वण होते. जुने, त्यावर नवे. ते पाहून तिनं आपलं कपाळ त्या मनगटावर टेकलं. मग दोन्ही हात धरून पुढे आणले, आणि आपल्या मुलाभोवती ठेवले.

आत्यानं मिठी आवळली. ढब्बूला ती जास्त झाली. "नाय," तो म्हणाला. कोणी ऐकलं नाही.

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा भावजय दारातच उभी होती. त्यानं एक बूट काढला होता, दुसरा पायातच होता. ती म्हणाली, "ढब्बू त्या दिवशी ताईंच्या हातून नाही पडला. माझ्याजवळून पडला, मला झोप लागली होती. ताईंनी आपल्यावर घेतलं. आणि मी काम सोडणार नाही. आता बोल." धाकटा बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला. आपली थट्टा त्याला आठवली असावी, कारण त्याची मान खाली गेली. मग तो बहिणीसमोर येऊन बसला, लहानपणी मशीनखाली बसायचा तसा, आणि म्हणाला, "मला तरी सांगायचंस, ताई."

"तू सांगण्यासारखा राहिला होतास?" आत्या म्हणाली. रागानं नाही, पण म्हणाली. बरं झालं म्हणाली. इतकी वर्षं गिळलेल्यातलं एक तरी बाहेर आलं.

धाकटा उठला, गाडीतून पाना घेऊन आला, पलंग आडवा पाडला आणि त्याचे चारही पाय काढून टाकले. आता पलंग जमिनीलाच टेकला. पडायला उंचीच उरली नाही. घामाघूम होऊन तो त्याकडे बघत राहिला. इतकी साधी गोष्ट. पण घर दोष वाटायला बसलं की पाना कुणाला आठवत नाही.

वाढदिवसाला भावजयीनं केक आणला. ना फुलं, ना पाकळ्या. वर नुसत्या पट्ट्या, निळ्या आणि पांढऱ्या, चादरीसारख्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे काय गं, एवढी तू कारागीर आणि घरच्या केकला चादर? भावजय म्हणाली, "यावर माप घेतात, काकू." काकूंना काही कळलं नाही. तरी केकचा दुसरा तुकडा घेता घेता त्यांनी जाहीर करून टाकलं, की ताईंचा हात सैल नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

खिडकीतली माळ पेटत होती, विझत होती; धाकट्यानं ती दुरुस्त करायचा नाद सोडून दिला होता. उघड्या दारातून आतल्या खोलीत निळ्या कोटातला ढब्बू बुटक्या पलंगावर उभा राहिलेला दिसत होता. त्याच्या पायाखालच्या त्या काठाची उंची आता वीतभरसुद्धा नव्हती. उडी मारली असती तरी चाललं असतं. पण तो काठाशी आला, थांबला, गंभीरपणे खाली पाहिलं, वळला, पोटावर पालथा झाला, आणि पाय आधी, डोकं मागून, सावकाश सरकत जमिनीवर उतरला. मग लटपटत पुढच्या खोलीत आला आणि आत्यासमोर उभं राहून त्यानं हात वर केले.

आत्याचे हात सवयीनं मागे निघाले… अर्ध्यात थांबले. तिनं भावजयीकडे पाहिलं. भावजय केक कापत होती. तिनं मान वरही केली नाही. परवानगी द्यायची असते, असं तिला आता वाटतच नव्हतं.

आत्या वाकली, आणि तिनं त्याला उचललं.